दोन लेखण्यांतला टायबेरियस

रोमचा दुसरा सम्राट टायबेरियस इ. स. १४ मध्ये सत्तेवर आला व ३७ मध्ये वारला. त्याच्याविषयी आपले मत बहुधा टॅसिटसवरून बनलेले असते : आतल्या गाठीचा, संशयी, मनात एक नि ओठांवर दुसरेच. परंतु टॅसिटसने लिहिले ते सम्राटाच्या मृत्यूनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी. प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार हवा, तर वेलेयस पॅटर्क्युलसकडे जावे लागते. त्याच्याच हाताखाली जर्मनीत लढलेला हा घोडदळाचा अधिकारी, इ. स. ३० मध्ये त्याने लिहिलेल्या इतिहासात धन्याच्या अंगी औषधालाही दोष सापडत नाही!

मग खरे कोणाचे मानावे? उत्तर देण्यापूर्वी इ. स. २५ चा एक खटला आपण आठवू. क्रेमुशियस कॉर्डस या इतिहासकाराने ब्रूटसची स्तुती केली आणि कॅशियसला शेवटचा रोमन म्हटले, हा त्याचा अपराध. ते दोघे मरून सहासष्ट वर्षे लोटली होती! कॉर्डस सिनेटमधून घरी गेला आणि त्याने अन्न वर्ज्य करून प्राण सोडला. त्याचे ग्रंथ जाळण्याचा ठराव झाला. पण त्याची मुलगी मार्सिया हिने प्रत राखली आणि पुढच्या सम्राटाच्या अमदानीत ते ग्रंथ पुन्हा लोकांत आले. वेलेयसने लिहिले ते या होळीनंतर पाच वर्षांनी, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्याची स्तुती निराळ्या कानांनी ऐकू येते.

म्हणून टॅसिटस निर्मळ ठरतो असे मात्र नाही. स्पेनमधल्या लोकांनी देऊळ बांधू म्हटले, ते टायबेरियसने नाकारले. टॅसिटस त्याचे भाषण चांगले विस्ताराने देतो आणि लगेच लोकांची कुजबुज जोडतो : कोणी याला विनय म्हणाले, कोणी मनाचा कोतेपणा. घटना खरी, रंग लेखकाचा. स्वतः टॅसिटस जुलमी डोमिशियनच्या राज्यात पदे चढत गेला होता. गप्प बसण्याची किंमत त्याला ठाऊक होती.

तरीही त्याला केवळ निंदक म्हणायला आमचे मन घेत नाही. जर्मॅनिकसच्या मृत्यूबद्दल पीसोवर खटला झाला, तेव्हा पीसोची बायको प्लँसिना राजमाता लिव्हियाच्या शब्दामुळे सुटली, असे तो सांगतो. वाचताना वाटते, ही अंतःपुरातली कुचाळकी. पण इ. स. २० चा सिनेटचा ठराव स्पेनमध्ये कांस्यपटावर सापडला व १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. लिव्हियाच्या विनंतीवरून प्लँसिनेची शिक्षा माफ केली, हे त्यात सिनेटनेच उघडपणे कोरून ठेवले आहे.