सोलापूरचे पाऊल

सोलापूरच्या इतिहासात भुईकोट किल्ल्याला, गिरण्यांना आणि १९३० च्या लष्करी कायद्याला जे स्थान आहे ते यथायोग्यच आहे. तथापि या नगरीच्या श्रमाचा आणि श्रद्धेचा भार ज्यांनी वाहिला त्या माणसांच्या पावलांचाही एक इतिहास आहे, आणि वार्धक्यात तोल कसा टिकवावा या आजच्या प्रश्नावर त्यातून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी, तेव्हा सोन्नलगी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गावी, तलाव खोदविला व गावाभोवती अडसष्ट लिंगांची स्थापना केली, असे परंपरा सांगते. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत उत्तर कसब्यातील हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, आणि या लिंगांना तैलाभिषेक करीत नगरप्रदक्षिणा पुरी होते. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. शुभ्र बाराबंदी घातलेला मानकरी कमरपट्ट्यात बुंधा टेकवून तो उंच ध्वज पेलतो, तेव्हा प्रेक्षकांची दृष्टी शेंड्याकडे लागलेली असली तरी तोल सांभाळण्याचे काम बरेचसे जमिनीलगत चाललेले असते. काठी रेसभर कलली की बोटांनी भूमी धरून, टाच किंचित वळवून आणि घोटा आवरून तो कल सावरावा लागतो. हे कसब वंशपरंपरागत मानाबरोबर आपोआप मिळत नाही. त्यासाठी यात्रेपूर्वी कित्येक दिवस सराव करावा लागतो.

पावलांचे जे काम यात्रेत वर्षाकाठी घडते, ते विणकराच्या घरी नित्य घडत असे. १८६० साली रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी गिरणी उभी राहिली; परंतु त्याच सुमारास पूर्व भागातील घराघरांतून, निजामाच्या अमलाखालील तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांचे हातमागही चालत होते. खड्डामागावर बसलेला विणकर हाताने धोटा फेकी आणि खड्ड्यातल्या लाकडी पट्ट्या पायांनी आळीपाळीने दाबून ताण्याचे धागे वरखाली करी. दिवसभर घोटा आणि बोटे चालू राहत. या जुन्या व्यवसायाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही, कारण ओलसर खड्ड्यात तासन्‌तास वाकून बसणाऱ्याची कंबर आणि गुडघे अकाली झिजत. पुढे यंत्रमाग आला, विजेने पायांचे काम काढून घेतले, आणि कामगाराच्या वाट्याला सिमेंटच्या जमिनीवर तासन्‌तास उभे राहणे तेवढे उरले.

पावलांचे हे काम सुटल्याने काय बिघडते, हे त्यांच्या रचनेवरून कळते. पावलात सव्वीस हाडे आहेत, आणि त्यांची कमान सावरणारे लहान लहान स्नायू तळव्यात आहेत. वय वाढते तशी बोटांची पकड सैल होते, तळव्याची संवेदना मंदावते, आणि ओल्या मोरीत किंवा उंबरठ्यावर अडखळलेले पाऊल वेळेवर सावरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडण्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे प्राणास मुकतात, आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण सर्वांत अधिक असते. ज्येष्ठांचे पडणे ही दैवगती मानून गप्प बसण्याचा रिवाज म्हणूनच सोडला पाहिजे. तोल आणि बळ वाढविणाऱ्या व्यायामाने पडण्याचा धोका कमी होतो, हे आता सिद्ध झालेले आहे.

अशा व्यायामाची साधने सोलापुरात घरोघर आहेत. खुर्चीवर बसून जमिनीवर पसरलेला टॉवेल पायाच्या बोटांनी आपल्याकडे ओढावा. भिंतीचा किंवा जड टेबलाचा आधार घेऊन टाचा सावकाश उचलाव्यात आणि तितक्याच सावकाश टेकाव्यात. त्याच आधाराने काही क्षण एका पायावर उभे राहावे. पहिले काही दिवस घरातले कोणी जवळ असावे. मधुमेहाने ज्यांच्या तळव्याची संवेदना गेली आहे त्यांनी परंपरेच्या आदराखातर अनवाणी चालू नये, आणि जे पूर्वी एकदा पडले आहेत त्यांनी वैद्याचा सल्ला घेऊनच आरंभ करावा. पूर्वी जे बळ उद्योगाने आणि उत्सवाने न मागता दिले ते आता कोणी देणार नाही. ते रोज थोडे थोडे स्वतःच कमवावे लागेल, आणि त्याचा आरंभ साठीची वाट न पाहता करणे हेच शहाणपणाचे.