नास्तिकाचे देवकार्य

१९६३ सालची गोष्ट. मी मराठी चौथीत होतो. आमचे गाव चिकोडी तालुक्यातले. एक गल्ली मराठी बोलणारी, तर दुसरी कानडी. भांडणे मात्र दोन्ही भाषांत. देवी दोन्ही गल्ल्यांची एकच, सौंदत्तीची यल्लम्मा.

आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या एका बाईच्या मुलीच्या केसांत जट आली. मुलगी बारा-तेरा वर्षांची, काकांच्या शाळेत शिकणारी. जट म्हणजे देवीचे बोलावणे, अशी समजूत. मार्गशीर्षातल्या पुनवेला पोरीला डोंगरावर नेऊन देवीला सोडायचे ठरले. ‘सोडायचे’ म्हणजे काय, ते मला कळत नव्हते. मोठ्यांना सगळे कळत होते. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ पडली, की मुलीचे लग्न देवीशी लागले. पुढे ती कुणाच्या उपयोगी पडते, हेही गावाला ठाऊक होते. मुली सोडण्याविरुद्धचा कायदा मुंबई इलाख्यात १९३४ सालीच झाला होता, पण तो आमच्या वेशीबाहेरच उभा असावा.

माझे धाकटे काका प्राथमिक शिक्षक. सत्यनारायणाच्या प्रसादाला ‘शिरा’ म्हणणारे आणि आवडीने खाणारे. देव मानीत नसत. त्यांनी त्या बाईची दोन दिवस समजूत घातली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरीला आमच्या कट्ट्यावर बसवून कात्रीने जट कापली. वेशीबाहेरच्या वस्तीतली पोर आमच्या कट्ट्यावर बसली, हेच आधी गावाला खटकले. देवीचा कोप नंतर आठवला. मग सारे गाव कोपाची वाट पाहत बसले. पोरीला साधी सर्दीदेखील झाली नाही.

आजी तीन दिवस काकांशी बोलली नाही. ती माळकरी; एकादशी कधी चुकवली नाही. चौथ्या दिवशी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवत म्हणाली, “बाळ, तुझ्या हातात कात्री देवीनंच दिली बघ. तिला नको होती ती पोरगी.”

काका म्हणाले, “मग आई, मागच्या साली पलीकडची पोर सोडली, तेव्हा देवीकडं कात्री नव्हती काय?”

आजी काही बोलली नाही. तो प्रश्न आणि तिचे ते उत्तर, दोन्ही माझ्याबरोबर साठ वर्षे चालत आली आहेत. देव न मानणारा माणूस देवाचेच काम करीत असतो काय? पुढे मी इतिहास शिकलो, शिकवलाही. तेव्हा ध्यानात आले, की आजीचे उत्तर तिचे एकटीचे नव्हते. ते फार जुने आहे.

*

‘नास्तिक’ हा शब्द आज आपण देव न मानणाऱ्याला लावतो. जुन्या काळी त्याचा अर्थ असा सरळ नव्हता. पाणिनीच्या सूत्रावरचे टीकाकार परलोक न मानणाऱ्याला नास्तिक म्हणतात. मनुस्मृती वेदाची निंदा करणाऱ्याला म्हणते. जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक मात्र वेद मानतात, म्हणून आस्तिकांत बसले. म्हणजे भांडण देवाशी कमी आणि ग्रंथाच्या अधिकाराशी जास्त होते.

तो अधिकार नाकारणाऱ्यांत सर्वांत मोठा गौतम बुद्ध. यज्ञातली हिंसा आणि जन्मावरचे श्रेष्ठत्व त्याने अमान्य केले. त्याला परंपरेने काय केले? दशावतारांत नेऊन बसवले. पण कशासाठी अवतार, या प्रश्नाला दोन उत्तरे मिळतात. विष्णुपुराणात विष्णू आपल्या देहातून मायामोह नावाचा पुरुष निर्माण करतो. तो दैत्यांना वेदमार्गापासून फोडतो आणि मग देव त्यांना जिंकतात. इथे अश्रद्धा हे देवाने टाकलेले जाळे आहे. तिच्यात सत्य काहीच नाही. बाराव्या शतकातला जयदेव गीतगोविंदात वेगळेच सांगतो. यज्ञात मारल्या जाणाऱ्या पशूंच्या करुणेने केशवाने बुद्धाचे रूप घेतले आणि वेदातल्या त्या विधीची निंदा केली, असा त्याचा भाव आहे. इथे देवच देवाच्या नावाने चाललेल्या कृत्याविरुद्ध उभा राहतो.

आपल्याकडे तर याच्याही पुढे गोष्ट गेली. जुन्या मराठी पंचांगांतली दशावतारांची चित्रे पाहा. नवव्या जागी पुष्कळदा विठ्ठल उभा असतो. संतांनीही त्याला बौद्धावतार म्हटले. आमच्या आजीच्या देव्हाऱ्यातल्या पंचांगावर तो तसाच होता. तिने जयदेव वाचला नव्हता, पण तिचे उत्तर जयदेवाच्या घरचे होते.

*

आता एकोणिसाव्या शतकात येऊ. गोपाळ गणेश आगरकर १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मले. मिल आणि स्पेन्सर वाचून ते अज्ञेयवादी झाले. ‘देवतोत्पत्ति’सारख्या निबंधांत देवांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उपजल्या असाव्यात, याची त्यांनी चिकित्सा केली. ‘केसरी’ १८८७ साली सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. विरोधकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. दम्याने पोखरलेला हा माणूस १८९५ च्या जूनमध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेला.

त्यांच्या अश्रद्धेचे वेगळेपण संमतिवयाच्या वादात दिसते. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ साली झाला. त्या वादात डॉ. भांडारकरांसारखे थोर पंडित सुधारणेच्या बाजूने शास्त्राधार शोधीत होते. ते काम मोलाचे होते. लोक ऐकत होते ते शास्त्रच. पण त्यात एक धोका होता. उद्या शास्त्र विरुद्ध निघाले तर? आगरकरांचे म्हणणे असे, की चालीने माणसाला दुःख होते आणि बुद्धीला ती पटत नाही, एवढे कारण पुरे आहे. विधवेचे केशवपन वाईट, मग ग्रंथात काहीही असो. देवाला मध्ये घेतले नाही, की जबाबदार उरतो फक्त माणूस. न्हाव्याला बोलावणारा सासरा, गप्प बसणारा दीर, आणि ‘शास्त्रच आहे’ म्हणून निजायला जाणारे सारे गाव.

माझ्या मते अश्रद्धेने जगाला दिलेली सर्वांत मोठी देणगी हीच. तिने देव घालवला की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण ‘देवाची इच्छा’ ही सबब तिने घालवली.

*

आपल्या मुलखाचा एक मोठा माणूस इथे आठवतो. विठ्ठल रामजी शिंदे १८७३ साली जमखंडीत जन्मले. घरात वारकरी भक्ती, कानावर मराठी आणि कानडी दोन्ही. १८९३ साली ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात आले, तेव्हा आगरकर तिथले प्राचार्य होते. मिल, स्पेन्सर आणि आगरकर यांच्या प्रभावाने भक्ताघरचा हा मुलगाही काही काळ अज्ञेयवादी झाला.

पण तो तिथे थांबला नाही. १८९८ साली शिंदे प्रार्थना समाजात गेले, १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला धर्माचा तौलनिक अभ्यास करून आले, आणि १९०६ साली मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापून अस्पृश्यतानिवारणाला आयुष्य दिले. खंडोबाला मुली वाहण्याच्या मुरळीच्या चालीविरुद्धही ते झगडले. परत आलेली श्रद्धा जमखंडीहून निघालेलीच होती काय? मला वाटते, नाही. ती विस्तवातून निघून आली होती. देवाच्या नावाने माणसाला दूर ठेवता येते, हे तिला मान्य नव्हते. आगरकरांची कात्री तिच्यावरून फिरली होती.

श्रद्धावंताला इथे म्हणता येईल, की शिंद्यांना घडवण्यासाठी देवाने आगरकरांना पाठवले. म्हणायला मलाही आवडेल. पण आगरकरांना विचारले असते तर?

*

हाच पेच गांधीजींपुढे आला होता. विलायतेत विद्यार्थी असताना, १८९१ साली, ते चार्ल्स ब्रॅडलॉच्या अंत्यविधीला गेले होते. हा उघड निरीश्वरवादी नॉर्थॅम्प्टनमधून १८८० साली पार्लमेंटवर निवडून आला, पण शपथेच्या वादात सहा वर्षे त्याला जागेवर बसू दिले नाही. १८८८ साली त्याने शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा हक्क कायद्यात आणवला. आज धर्मनिष्ठ माणूससुद्धा तो हक्क वापरू शकतो. हिंदुस्थानची बाजू पार्लमेंटात मांडणारा म्हणून आपल्या लोकांना त्याच्याविषयी आपुलकी होती.

पुढे १९३१ साली लोझान येथे बोलताना गांधीजींनी सांगितले, की आपण पूर्वी ‘ईश्वर सत्य आहे’ म्हणत होतो, आता ‘सत्य ईश्वर आहे’ म्हणतो; कारण नास्तिकांनाही सत्य नाकारता येत नाही. त्याच ओघात ते म्हणाले, की ब्रॅडलॉ स्वतःला नास्तिक म्हणवून घेई, पण मी त्याला देवभीरूच समजतो. प्रेमाने म्हटले, यात शंका नाही. पण ब्रॅडलॉने ज्यासाठी सहा वर्षे काढली, ते नावच त्याच्याकडून काढून घेतले.

नंतरचे गांधीजी मला अधिक मोठे वाटतात. आंध्रातले निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा, म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, १९४४ साली सेवाग्रामला त्यांना भेटले. दैव आणि कर्म यांवरच्या विश्वासाने गरीब माणूस आपली दशा निमूट सोसतो, म्हणून आपण निरीश्वरवाद पत्करला, असे गोरांचे म्हणणे. गांधीजींनी त्यांना देवभीरू ठरवले नाही. माझा आस्तिकवाद बरोबर किंवा तुमचा नास्तिकवाद चूक, असे मी म्हणू शकत नाही. आपण दोघेही सत्य शोधणारे, अशा आशयाचे ते बोलले. गोरांनी आपल्या मुलीचे लग्न अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या तरुणाशी ठरवले, तेव्हा आश्रमातल्या त्या विवाहविधीत देवाच्या नावाऐवजी सत्याचे नाव घ्यायला गांधीजी तयार झाले. लग्न लागले १९४८ च्या मार्चमध्ये. गांधीजी तेव्हा नव्हते.

*

अश्रद्धा म्हणजे प्रगती, असे मात्र कुणी समजू नये. सोव्हिएत रशियात सत्ताच निरीश्वरवादी झाली, तेव्हा तिने चर्चे पाडली आणि पाद्री मारले. आगरकरांच्या हातात वर्तमानपत्र होते, तुरुंग नव्हता. पत्नी यशोदाबाई देवधर्म पाळीत. त्यांच्यावर त्यांनी आपली मते लादली नाहीत. अश्रद्धा स्वतः झीज सोसते तोवर तिची कात्री जट कापते. सत्तेच्या हाती गेली, की तीच कात्री गळ्यावर येते. श्रद्धेचेही तसेच.

याची साक्ष आपल्या रस्त्यावरच आहे. आम्ही कोल्हापूर आणि धारवाड यांच्या मधोमध राहणारी माणसे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात गोविंद पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात वचनवाङ्मयाचे अभ्यासक डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घरीच मारले. तिघे एका मताचे नव्हते. कलबुर्गींना नास्तिक म्हणणे चूक ठरेल, आणि आमचा विरोध देवाला नाही, शोषणाला आहे, असे दाभोलकर सांगत आले. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला, कर्नाटकात तशा स्वरूपाचा २०१७ साली. त्या दोन्ही कायद्यांवर कुणाच्या रक्ताचे ऋण आहे, हे आपण दोन्ही भाषांत लक्षात ठेवले पाहिजे.

*

मी स्वतः देव मानतो. म्हणून आजीचे उत्तर मला अजूनही जवळचे वाटते. पण ते काकांना ऐकवण्याचा अधिकार मला आहे, असे आता वाटत नाही. कात्री देवीने दिली असेल, तर ती त्या दोघींमधली बाब. मी इतिहासाचा शिक्षक. मला कट्ट्यावर दिसला तो काकांचा हात. तो थरथरत होता, हे मी पाहिले आहे. कारण गाव बघत होते, आणि पोरीला काही झाले असते तर वर कुणाकडे बोट दाखवण्याची सोय काकांना नव्हती. श्रद्धावंताने नास्तिकाकडून घ्यावे ते एवढेच. देवावर भार टाकण्याआधी आपला हात पुढे करावा.

आणि काकांचा प्रश्न? पलीकडच्या पोरीच्या वेळी देवीकडे कात्री नव्हती काय? आज मला वाटते, तो प्रश्न देवीला नव्हताच. त्या वर्षी काकाही गावातच होते. त्यांनी तो स्वतःलाच विचारला असावा.

काका २००४ साली गेले. सांगून ठेवल्याप्रमाणे क्रियाकर्म केले नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी एक बाई भेटायला आल्या. नर्स म्हणून नोकरी करीत होत्या. पिकत आलेल्या केसांचा अंबाडा. मी लगेच ओळखले नाही. त्यांनी काकांच्या फोटोला नमस्कार केला. मग माझ्या पत्नीला विचारून सरळ देवघरात गेल्या. वर यल्लम्माची जुनी तसबीर होती, तिच्यापुढे त्यांनी एक फूल ठेवले आणि बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या.

चहा घेताना त्या मुलाच्या शिक्षणाविषयी बोलल्या, पावसाविषयी बोलल्या. मी त्यांना काही विचारले नाही.