अडलेले क्रियापद

अण्णा तालुक्याच्या शाळेत मराठी शिकवत. दहावीच्या वर्गाला उपरोध समजावताना ते इतके रंगत, की शेजारच्या वर्गातही हशा ऐकू जाई. त्याच अण्णांना गेल्या वर्षी एकदा सकाळी अकराला उठल्यावर मी म्हणालो, ‘‘वा अण्णा, आज फारच लवकर उठलात!’’ त्यांनी स्थिर नजरेने पाहिले आणि बऱ्याच वेळाने बारीक आवाजात म्हणाले, ‘‘नाही रे. उशीर झाला.’’ ते माझी चूक दुरुस्त करत होते.

कंपवाताला तेव्हा सहा वर्षे झाली होती. डॉक्टरांना विचारले, तर म्हणाले, ‘‘आवाज बारीक होतो; भाषेला यात काही होत नाही.’’ मी वैद्यक शिकलेला नाही. जुने कागद वाचणे एवढीच माझी विद्या. म्हणून हे वाक्य आले कुठून, ते शोधत मागे गेलो.

शोध १८१७ पर्यंत पोहोचला. लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सनने त्या वर्षी ‘कंपयुक्त पक्षाघाता’वर एक छोटा निबंध छापला. त्यात सहा रुग्ण आहेत. कंप, पुढे झुकलेले शरीर, धावरी होत जाणारी चाल यांचे वर्णन आजही चकित करते. बोलणे पुढे कळेनासे होते, हेही त्याने टिपले आहे. पण व्याख्येतच तो सांगतो, की इंद्रिये आणि बुद्धी यांना धक्का लागत नाही. आता हे रुग्ण पाहा : दोघे त्याला रस्त्यात सहज भेटलेले, एक तर केवळ दुरून पाहिलेला. दुरून माणसाची चाल कळते. त्याला उपरोध कळतो की नाही, ते कळत नाही. आपल्या विवेचनात तर्काचा भाग बराच आहे, हे पार्किन्सनने प्रस्तावनेत मान्यही केले होते. ती कबुली मागे पडली, व्याख्या टिकली.

या रोगाला पार्किन्सनचे नाव देणाऱ्या पॅरिसच्या शार्कोने पुढे नोंदवले, की रोग वाढल्यावर बुद्धी आणि स्मृतीही मंदावू शकते. पण विसाव्या शतकाचे लक्ष हालचालीवरच राहिले. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी डोपामिनचे महत्त्व दाखवले. १९६० मध्ये व्हिएन्नात, मृत रुग्णांच्या मेंदूत त्याची कमतरता सापडली. पाठोपाठ लेवोडोपा आले आणि जखडलेली माणसे चालू लागली. एवढ्या मोठ्या यशापुढे वाक्यांकडे कोण पाहणार?

शतक संपत आले तेव्हा काहींनी पाहिले. ‘ज्या मुलाला गाईने ढकलले, तो पळाला’ अशा वाक्यरचनेत कोणी कोणाला काय केले, हे लावताना काही रुग्ण चुकत. रूपक, उपरोध, न बोललेला अर्थ इथेही अडखळत. २००८ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों येथील संशोधकांनी एक बारीक प्रयोग प्रसिद्ध केला. एखादा शब्द पडद्यावर नकळत चमकवून मग पुन्हा दाखवला, तर तो लवकर ओळखता येतो. औषध न घेतलेल्या रुग्णांत वस्तूंच्या नावांबाबत हा फायदा दिसला; हालचाल सांगणाऱ्या क्रियापदांबाबत जवळजवळ नाही. लेवोडोपा घेतल्यावर तो परत आला. हात-पाय हलवणारी यंत्रणा त्या हालचालींचे शब्द समजण्यातही भाग घेते, असा याचा अर्थ लावला जातो. हे सगळ्यांना होत नाही, सारखेही होत नाही. आणि हा सरसकट स्मृतिभ्रंश नव्हे.

याला एक उलट साक्षही मिळाली. १८२५-२६ मध्ये बर्लिनच्या अकादमीत भगवद्गीतेवर निबंध वाचणारा भाषापंडित विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट. १८२९ मध्ये पत्नी गेली, त्यानंतर त्याचा कंप वाढला, अक्षर बारीक होत गेले. एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत त्याने हे बदल तटस्थपणे टिपले. आपण लवकर म्हातारे झालो, एवढाच अर्थ त्याने लावला. आजचे अभ्यासक त्यात पार्किन्सनचा रोग ओळखतात. त्याच वर्षांत तो जावामधल्या संस्कृतप्रचुर कवी भाषेवरचा आपला मोठा ग्रंथ लिहीत होता. १८३५ मध्ये तो वारला; ग्रंथ नंतर छापला गेला. भाषा म्हणजे तयार वस्तू नव्हे, ती चालू असलेली क्रिया आहे, हा विचार त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. हात थरथरत असताना हे लिहिले गेले.

म्हणजे भाषेला काहीच होत नाही, हे खरे नाही. आणि गप्प बसलेल्या माणसाच्या डोक्यात काही उरले नाही, हे तर मुळीच खरे नाही. आमच्या घरात आम्ही दुसरी चूक केली होती. चेहरा हलत नाही, उत्तर येत नाही, म्हणून अण्णांसमोरच त्यांच्याबद्दल बोलू लागलो होतो. त्यांचे वाक्य आम्हीच पुरे करत होतो.

मराठीत क्रियापद शेवटी येते. अण्णांचे वाक्य बहुधा तिथेच अडते. आता आम्ही एका वेळी एकच गोष्ट विचारतो, गोळीचा अंमल असताना विचारतो, आणि थांबतो. परवा फराळाच्या यादीवर बोलताना ते म्हणाले, ‘‘यंदा चकल्या…’’ बायको काही सुचवणार होती. मी हाताने तिला थांबवले. मिनिटभर गेला असेल.

‘‘…मी पाडतो,’’ अण्णा म्हणाले.

सोऱ्या फिरवणे त्यांना जमणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. आम्ही हसलो, तेव्हा उपरोध कोणाला कळला नव्हता, ते माझ्या लक्षात आले.