तीन लिप्यांची शाळा

सिल्वासा परिसरातील मुलाला शालेय जीवनात गुजराती, देवनागरी व रोमन या तीन लिप्यांशी परिचय करून घ्यावा लागतो. याचे मूळ त्या प्रदेशाच्या इतिहासात आहे. पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेल्या तहान्वये नगर हवेलीचा मुलूख १७८३ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला आणि ऑगस्ट १९५४ मध्ये मुक्त झाला. मधल्या १७१ वर्षांत राजभाषा पोर्तुगीज होती. तिची अक्षरे तिशीच्याही आत. परंतु त्यांतून उमटणारी भाषा वारली पाड्यांवर कोणी बोलत नव्हते. मुक्तीनंतर गुजराती व मराठी शाळांचे युग आले, हिंदी-इंग्रजीही आल्या. घरची बोली मात्र उंबरठ्याबाहेरच राहिली.

तीन लिप्यांचा भार कोवळ्या मनास पेलणार कसा, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. जपानी प्राथमिक शाळेकडे पाहिले असता तो प्रश्नच निराळ्या रीतीने मांडावा, असे आम्हांस वाटते. तेथील मूलही हिरागाना, काताकाना व कांजी अशा तीन लिप्या शिकते. पहिल्याच वर्षी ८० कांजी चिन्हे, आणि २०२० पासूनच्या अभ्यासक्रमानुसार सहा वर्षांत १,०२६! तरीही ते वाचू लागते. कारण आरंभ हिरागानाच्या ४६ अक्षरांनी होतो आणि वाचलेला शब्द त्याने घरी ऐकलेला असतो. पुढे अनोळखी कांजीशेजारी तिचा उच्चार बारीक हिरागानात छापलेला असतो. ओळखीच्या अक्षराचे बोट धरून मूल अनोळखी चिन्हापाशी पोहोचते.

या अक्षरांचा क्रमही आपल्याला परका नाही. आ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व. बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अध्ययनातून ही मांडणी तेथे रुजली. संस्कृत वर्णमालेची उच्चारस्थानानुसारी दृष्टीच त्या तक्त्यात नांदते आहे.

गुजराती व देवनागरी तर सख्ख्या बहिणी. वर्णक्रम एक, एकीच्या माथ्यावर शिरोरेषा, दुसरीच्या नाही. तेव्हा सिल्वाशाच्या मुलाची अडचण अक्षरांच्या संख्येत शोधणे व्यर्थ होय. जपानी मुलाच्या तीन लिप्या एकाच मातृभाषेच्या आहेत; वारली मुलाच्या तिन्ही लिप्या दुसऱ्यांच्या भाषा घेऊन येतात. वारली बोली देवनागरीत सहज लिहिता येते. पहिल्या वाचनपाठात त्या बोलीतले शब्द आले, तर अक्षर जुळवताच अर्थही उमगेल. बाकीच्या लिप्या मागाहून येऊ शकतील.