परसातली भाजी आणि बदलीचा हुकूम

पौष सरत आला की लक्ष्मीबाई नगरातील आमच्या घरी दरवर्षी एकच प्रश्न निघतो : यंदा परसात काय लावावयाचे? दिल्लीचे धुके विरू लागलेले असते, मेथी-मुळ्याचे वाफे सरत आलेले असतात, आणि आताच जमीन खणून ठेवली नाही तर वसंतातला पेरा हुकतो. यंदा मात्र या प्रश्नाच्या मागोमाग दुसरा प्रश्न आला. कचेरीत बदलीची बोलवा आहे. दुधीचा वेल मांडवावर चढेल तेव्हा आपण येथे असू काय? नसलो, तर ही खटपट कोणासाठी? सरकारी घराच्या परसात घाम गाळणे हा शहाणपणा की वेडेपणा, याविषयी घरात दोन तट पडले. निवाड्यासाठी आम्ही जुन्या ग्रंथांकडे वळलो.

रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र इ. स. १७१६ च्या सुमाराचे. शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीत तयार झालेल्या या मुत्सद्द्याने राज्यकारभाराची जी सूत्रे सांगितली, त्यांत दुर्गांचे प्रकरण विशेष विस्ताराचे आहे. गडावरच्या अधिकाऱ्यांनी एका जागी फार काळ राहू नये, असा त्यातील दंडक आहे. हवालदाराची बदली तीन वर्षांनी, सरनोबताची चार वर्षांनी, सबनीस व कारखानीस यांची पाच वर्षांनी. तेव्हा बदली ही काही इंग्रजांनी आपल्या मागे लावलेली पीडा नव्हे.

परंतु त्याच प्रकरणात आणखी एक आज्ञा आहे, आणि तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. गडावरचा केरकचरा खाली लोटू नये, जागच्या जागी जाळावा, त्याची राख परसात घालावी आणि घरोघरी होईल तेवढा भाजीपाला करावा. शिवाय गडावर मोठी झाडेही लावून जतन करावीत. या दोन आज्ञा शेजारी ठेवून पाहाव्यात. तीन वर्षांनी गड सोडणाऱ्या हवालदाराने आंबा लावला, तर त्याचे फळ त्याच्या हाती लागणे कठीणच. ते पुढच्याने खावयाचे. गडाला वेढा पडला म्हणजे कोठारातले धान्य काही काळ पुरते, पण हिरवी भाजी कोठारात साठवता येत नाही. ती परसातच पिकावी लागते, आणि ते परस वेढा पडण्यापूर्वी कोणीतरी राखलेले असावे लागते. अधिकारी बदलता आणि बाग कायमची, असा हा हिशेब होता.

अन्नाची वाट तुटली म्हणजे काय होते, हे दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. पानिपत येथून फार दूर नाही. १७६० च्या ऑगस्टात भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली, ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला. तेथे धान्यही हाती आले. पुढे अब्दालीने दिल्लीची वाट अडवली, डिसेंबरात रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी आपले लोक रणात उतरले ते उपाशी पोटी. मोहिमेवरच्या फौजेने वाफे घालावेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु उत्तरेत मराठे टिकले ते जेथे त्यांनी घरे केली तेथे : ग्वाल्हेरीस, इंदुरास, झाशीस. ज्यांच्या नावाने आमची वसाहत ओळखली जाते त्या राणीसाहेबांचा जन्म काशीतला, बालपण बिठूरचे, संसार झाशीचा, आणि १८५८ साली देह पडला तो ग्वाल्हेरीस. परमुलूख हाच त्यांचा मुलूख झाला होता.

दिल्लीच्या सरकारी परसांनाही स्वतःचा इतिहास आहे. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तेथला तांदूळ बंद झाला, आणि १९४३ मध्ये बंगाल उपाशी मरत असताना सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम काढली. पुढे १९६५ च्या टंचाईत लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर स्वतः नांगर धरला. पंतप्रधानांचे घर तरी कोठे स्वतःचे असते?

आता परसच उरेल की नाही, अशी वेळ आली आहे. शेजारच्या सरोजिनी नगर, नेताजी नगर यांसह सात वसाहतींच्या पुनर्बांधणीस २०१६ साली मंजुरी मिळाली. त्यापायी हजारो झाडे पडणार म्हणून लोक रस्त्यावर आले, आणि २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविली. उंच इमारतीत घर मिळते, पाय ठेवावयास माती मिळत नाही.

म्हणून यंदाचा बेत आम्ही कायम केला आहे. वसंतपंचमीपर्यंत खणणी आणि शेणखत. थंडी ओसरली की भेंडी, गवार, काकडी. भिंतीलगत दुधी आणि दोडका, त्यांना मांडव. नळाचे पाणी जेथे वाहते तेथे अळूचे कांदे, ज्यांना येथे अरबी म्हणतात. मे महिन्यातील लू सुटण्यापूर्वी वाफ्यांवर वाळल्या पाल्याचा थर. आणि कोपऱ्यात एक शेवगा, जो आमच्यासाठी नाही.

आम्ही येथे आलो तेव्हा परसात एक कढीलिंब उभा होता. तो कोणी लावला हे आम्हांस ठाऊक नाही; त्याची पाने मात्र आमच्या फोडणीत रोज पडतात. घराचा ताबा देताना पंखे, दिवे, नळ मोजून घेतात, झाडे कोणी मोजत नाही. आम्ही ती यादी स्वतःच करून स्वयंपाकघराच्या कपाटात ठेवणार आहोत : काय कोठे लावले, पाणी किती द्यावे, शेवग्याच्या शेंगा कधी धराव्यात. पुढच्या बिऱ्हाडाची भाषा कोणती असेल कोण जाणे. यादी हिंदीतही लिहून ठेवू.