थैलीपासून ज्योतीपर्यंत

डिसेंबर १८५८ मध्ये पुण्याहून पूर्वेला निघालेले रेल्वेचे रूळ इंदापूर तालुक्यातल्या डिकसळला येऊन थांबले. पुढच्या ऑक्टोबरात ते कुर्डुवाडीला पोचले आणि जून १८६० मध्ये सोलापूरला. त्या दीड वर्षात या वाटेवरच्या एका फार जुन्या कामाची किंमत उतरली. ते काम म्हणजे निरोप घेऊन रात्रीबेरात्री पळणं आणि ठरल्या जागी तो दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळं होणं.

किती जुनं, तर चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूतानं त्याचं तपशीलवार वर्णन करून ठेवलं आहे. मैलाचे तीन भाग आणि प्रत्येक भागाशी पळणाऱ्यांची एक चौकी. पळणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी आणि काठीच्या टोकाला तांब्याच्या घंट्या. घंट्यांचा आवाज कानी पडला की पुढच्या चौकीवरचा गडी कंबर कसून उभा. घोड्यांच्या डाकेपेक्षा ही पायांची डाक वेगवान, असंही तो सांगतो. महंमद तुघलक दौलताबादला असला की त्याच्या पिण्यासाठी गंगेचं पाणी असंच हातोहात यायचं. ती वाट चाळीस दिवसांची होती. सुलतानाच्या तहानेसाठी किती पाय झिजले, याचा हिशेब मात्र इब्न बतूतानं दिलेला नाही.

मराठेशाहीत हे काम जासुदांकडे आणि कासिदांकडे होतं. जासूद बहुधा जोडीनं निघत. वाटेत एक आजारी पडला, लुटला गेला, तरी दुसऱ्यानं कागद पोचवावा. अजुरदार कासिदाला फेरीप्रमाणे मजुरी मिळे, तीच अजुरा. पुणे, सुपे, बारामती, इंदापूर हा भोसल्यांच्या जहागिरीचा मुलूख. इंदापुरात मालोजीराजे पडले. पुण्याकडून विजापूर-हैदराबादेच्या दिशेनं जाणाऱ्याला हा पट्टा टाळून कुठं जायचं? बातमी कुणाचीही असो, जयाची की पराजयाची, तिला भीमा-नीरेच्या मधल्या याच माळावरून पळावं लागे.

जासुदाला निदान पगार होता. गावगाड्यातल्या धावणाऱ्याला तोही नव्हता. सरकारी कागद पुढच्या गावाला पोचवणं, वसुलाच्या रकमेबरोबर जाणं, वाटसरूला शिवेपर्यंत सोडणं ही कामं महार वतनात बसवलेली होती. एका गावच्या शिवेवर एकाचा टप्पा संपे, दुसऱ्या गावच्या महाराचा सुरू होई. पाहायला गेलं तर ही अख्ख्या महाराष्ट्रभर पसरलेली टप्प्यांची दौडच होती. फक्त तिच्यात कुणी स्वखुशीनं उतरलेलं नव्हतं आणि तिच्यातून बाहेर पडायला वाटही नव्हती. वेळ रात्रीची असो की पावसाची, हाक आली की निघायचं. मोबदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि दारोदारचं बलुतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, ते या राबवून घेण्याच्या विरोधातच. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. धावण्याच्या इतिहासाचं कौतुक करताना हा भाग गाळला, तर तो इतिहास अर्धाच राहतो.

इंग्रजी टपालखात्यानं चौक्या ठेवल्या, थैली ठेवली, घुंगरांची काठीही ठेवली. टप्पा साधारण पाच-सहा मैलांचा. रानातून रात्री जायचं तर सोबतीला मशालजी. मग रेल्वे आली. थैली घेऊन पळणारा हा रनर एका दिवसात संपला नाही, कारण स्टेशनापासून आडगावापर्यंत थैली न्यायला पायच लागत. पण लांब पल्ल्याची रात्र त्याच्या हातून गेली. गाडीनं पळणं संपवलं, असं म्हणायला हरकत नाही.

आणि गाडीनंच ते परत आणलं.

घटस्थापनेच्या आधीच्या रात्री सोलापूर रस्त्यावर उभं राहिलं की हे दिसतं. तुळजाभवानीच्या मंदिरात ज्योत पेटवून गावोगावची नवरात्र मंडळं घरी निघालेली असतात. ‘आई राजा उदो उदो’चा पुकारा आधी ऐकू येतो, मग एकसारखे टी-शर्ट घातलेली, बरीचशी अनवाणी पोरं दिसतात. त्यातल्या एकाच्या हातात ज्योत. मागे टेम्पो, त्याच्यावर भोंगा, फोकस, तेलाचे डबे आणि पळून आलेली किंवा पळायला निघालेली मंडळी. शिवजयंतीला हाच प्रकार गडांवरून होतो. शिवनेरी, रायगड, सिंहगड इथून शिवज्योत घेऊन पोरं रात्रभर गावाकडे पळत येतात.

ऑलिंपिकवरून हे उचललं, असं शहरी माणसाला चटकन वाटतं. पण ऑलिंपिया ते बर्लिन ही ज्योतीची दौड सुरू झाली १९३६ साली, हिटलरच्या जर्मनीत. प्राचीन ऑलिंपिकमध्ये ती नव्हतीच. देवीच्या भुत्याचा पोत, गोंधळ्याची दिवटी, जेजुरीची दिवटी-बुधली ही मंडळी त्याहून किती तरी जुनी. आग हातात धरून देवाचं काम करणं इथं नवं नाही. नवा आहे तो मागचा टेम्पो.

हिशेब मांडून पाहावा. तुळजापूर ते इंदापूर दीडशे किलोमीटरच्या आसपास. पथकात वीस जण धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात किलोमीटर. पण सलग साडेसात कुणीच पळत नाही. चार-पाचशे मीटर पळायचं, ज्योत द्यायची, टेम्पोत चढायचं, पुन्हा पाळी आली की उतरायचं. म्हणजे रात्रभरात एकेकाचे निदान पंधरा टप्पे. ताशी दहा किलोमीटरचा वेग टिकला तर पंधरा तास, आणि तो टिकत नाही. पहिले पाच टप्पे उत्साहात जातात. खरी परीक्षा पुढची. घामेजलेलं अंग वाऱ्यावर गार पडतं, पोटऱ्या आखडतात, जरा डोळा लागतो न लागतो तोच कुणी तरी हलवून उठवतं. शर्यतीत एकदाच पळणाऱ्याला हे थांबून पुन्हा सुरू होणं ठाऊक नसतं.

अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९८२ साली अशाच टप्प्यांची हूड टू कोस्ट नावाची शर्यत आठ संघांनिशी सुरू झाली. डोंगरापासून समुद्रापर्यंत सुमारे ३२० किलोमीटर, बारा धावपटू, छत्तीस टप्पे, प्रत्येकाला तीन आणि संघापाठी दोन व्हॅन. तिथंही गाडीशिवाय हे जमत नाही. डाकेच्या चौक्यांच्या काळात माणसं जागेवर थांबत आणि थैली पुढे सरके. आता तीच माणसं गाडीतून ज्योतीबरोबर पुढे सरकतात, म्हणून वीस जणांत दीडशे किलोमीटर होतात. जुन्या पद्धतीनं पाच-पाच मैलांवर चौकी ठेवली असती तर अठरा-वीस चौक्या आणि त्यांचा खर्च आला असता. एवढं करून टेम्पोत ठेवली तर ज्योत तीन-साडेतीन तासांत इंदापुरात पोचेल, हे पळणाऱ्या प्रत्येकाला कळतं. ज्याच्यासाठी टप्प्यांची युक्ती निघाली तो वेग आता कुणालाच नको आहे. घटस्थापनेचा मुहूर्त चुकू नये, एवढीच घाई.

धोका मात्र खरा आहे. शिवजयंती उसाच्या हंगामात येते. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर त्या दिवसांत रात्रभर चालू असतात आणि त्यातल्या कित्येकांना मागे लाल दिवासुद्धा नसतो. ज्योत आणणाऱ्या पोरांचे अपघात राज्यात वारंवार झाले आहेत. टेम्पो पुढे हवा की मागे, यावर मंडळांत वाद होतात, पण मागेच हवा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

याच इंदापूर-बारामती तालुक्यांत चालण्याचा मान मात्र पळण्याहून मोठा. नारायणमहाराज देहूकरांनी १६८५ साली सुरू केलेला तुकोबांचा पालखी सोहळा बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा मुक्काम करत पंढरीला जातो. चालणाऱ्यांच्या त्या वाटेवरही पळण्याची हौस फिटते ती रिंगणात. बेलवाडीच्या गोल रिंगणात पताकावाले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, पखवाजी पाळीपाळीनं धावतात आणि मग अश्व सुटतात. काटेवाडीत तर पालखीभोवती मेंढ्या धावतात.

पाटसहून बारामती-इंदापूरमार्गे जाणाऱ्या संत तुकाराम पालखी महामार्गाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. वारकऱ्यांसाठी त्याच्या कडेला पायी चालण्याची वेगळी वाट योजलेली आहे. तुळजापूरहून बारामतीला येणारी ज्योत इंदापूरनंतर याच रस्त्यानं शेवटचे पन्नास किलोमीटर कापते. ती वेगळी वाट पळणाऱ्या पोरांना फारशी उपयोगाची नाही, कारण टेम्पो तिच्यावर चढत नाही आणि टेम्पोचा उजेड सोडून अंधारात पळायला कुणी तयार होत नाही.