बंद पडलेली रेल्वे लाईन पुन्हा सुरू होते म्हणजे नेमकं काय होतं? वरोरा ते नागभीड, समजून घ्या

नागभीड : नागपूर-नागभीड छोटी लाईन नोव्हेंबर 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. तेव्हापासून उमरेड, भिवापूर, नागभीड पट्ट्यातल्या चहाटपरीवर एकच प्रश्न असतो, गाडी कधी सुरू होणार? पण त्याच्या आधी दुसरा प्रश्न विचारायला पाहिजे. बंद लाईन पुन्हा उभी राहते ती माणसांसाठी की मालासाठी? आपल्या भागातल्या जुन्या लाईनी पाहिल्या तर उत्तर सापडतं.

वरोऱ्याची लाईन का वाचली?

वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंतची लाईन 1870 च्या दशकात इंग्रज सरकारने टाकली. मुख्य कारण होतं वरोऱ्याचा कोळसा. 1906 मध्ये ही खाण बंद झाली. म्हणजे ज्या मालासाठी लाईन टाकली तो मालच संपला. तरी लाईन मेली नाही, कारण बल्लारपूरला नवी खाण निघाली होती आणि लाईन तिथपर्यंत वाढवली गेली. पुढे 1929 मध्ये बल्लारशाह-काझीपेठ जोड पूर्ण झाली आणि कोळशाची ही फांदी दिल्ली-मद्रास मुख्य मार्गाचा भाग बनली. आज याच मार्गावर इतकी गर्दी आहे की वर्धा-बल्लारशाह तिसऱ्या लाईनला 2016 मध्ये केंद्राने मंजुरी दिली.

शकुंतला का थांबली?

शेजारच्या यवतमाळ, अमरावती पट्ट्यातली शकुंतला कापसासाठी सुरू झाली. मूर्तिजापूर-यवतमाळ 113 किमी आणि मूर्तिजापूर-अचलपूर 76 किमी. कापूस ट्रकवर गेला, तसा लाईनचा मुख्य माल गेला. नंतर ती फक्त गरिबांची स्वस्त गाडी म्हणून चालत राहिली आणि शेवटी बंद पडली. लोकांचं प्रेम होतं, आंदोलनं झाली, पण निव्वळ प्रेमावर रूळ टिकत नाहीत.

नागभीडची अडचण काय होती?

छोट्या लाईनच्या दोन रुळांमधलं अंतर 762 मिमी असतं, मोठ्या लाईनचं 1676 मिमी. छोट्या लाईनचा डबा मोठ्या लाईनवर जाऊच शकत नाही. गोंदिया-नागभीड-चांदाफोर्ट लाईन नव्वदच्या दशकात मोठी झाली, पण नागपूरकडची छोटीच राहिली. त्यामुळे नागभीडला एका बाजूला मोठी, दुसऱ्या बाजूला छोटी. पोतं एकीकडे उतरवा, दुसरीकडे भरा. असा माल कोण पाठवणार?

आता सुमारे 106 किमीचं रुंदीकरण महारेल कंपनीकडे आहे. हे काम म्हणजे जुने रूळ काढून नवे टाकणं एवढंच नाही. भराव रुंद करावा लागतो, वळणं सरळ करावी लागतात, पूल नव्याने बांधावे लागतात. म्हणून काही ठिकाणी जास्तीची जमीन लागते. लाईन पूर्ण झाली की नागपूरहून नागभीडमार्गे बल्लारशाहकडे दुसरा रस्ता मिळतो.

जंगलाचा मुद्दा

ही लाईन उमरेड-पवनी-करांडला अभयारण्याच्या परिसरातून जाते. छोटी गाडी हळू जायची, मोठी वेगात जाईल. याचा अर्थ काय ते चंद्रपूरने पाहिलं आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये जुनोना-चिचपल्लीच्या जंगलात गोंदिया लाईनवर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली मेले. म्हणून भुयारी मार्ग, उंच पूल, वेगमर्यादा या गोष्टी फक्त वाघांसाठी नाहीत. गुरं चारणारे, मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचणारे हेही तेच रूळ ओलांडतात.

शेतकऱ्याला फायदा कधी?

मालगाडी दहा-वीस पोत्यांसाठी थांबत नाही. पूर्ण गाडीला रॅक म्हणतात. बंदिस्त डब्यांच्या एका रॅकमध्ये चाळीसपेक्षा जास्त डबे आणि अडीच हजार टनांच्या आसपास माल असतो. एकटा शेतकरी तो भरू शकत नाही. राईस मिल, व्यापारी, सहकारी संस्था एकत्र आल्या तरच धान-तांदळाची रॅक लागते. उलट बाजूने फायदा थेट आहे. खताची रॅक जवळच्या स्टेशनवर उतरली तर रोवणीच्या दिवसांत युरियासाठी दूरचा ट्रक पाहावा लागत नाही.

त्यासाठी स्टेशनवर माल उतरवायचा फलाट, गोदाम आणि ट्रक वळेल असा रस्ता लागतो. ते नसेल तर मालगाडी गावातून फक्त धडधडत जाते. केंद्राच्या डिसेंबर 2021 च्या गती शक्ती कार्गो टर्मिनल धोरणात खासगी जागेवरही मालधक्का उभारता येतो.

गडचिरोलीकरांनीही हे लक्षात ठेवावं. वडसा-गडचिरोली ही सुमारे 52 किमीची नवी लाईन आहे, निम्मा खर्च राज्याचा. सुरजागडचं खनिज ट्रकने वाहताना रस्त्यांचं काय होतं ते आलापल्ली, आष्टीच्या लोकांना सांगायला नको. लाईनवर खनिजाबरोबर धानाला आणि माणसांनाही जागा मिळेल का, हे आधीच विचारलं पाहिजे.

गावाने काय तपासावं?

1. रूळ उखडले म्हणून जमीन मोकळी होत नाही, ती रेल्वेचीच राहते. तिथे घर बांधलं किंवा बांधी काढली तर पुढे अतिक्रमण ठरतं.

2. शेताला लाईन लागून असेल तर सातबारा, नकाशा आणि मोजणी आताच जुळवून ठेवा. वनहक्काचा पट्टा असेल तर त्याची प्रत जपा.

3. विशेष रेल्वे प्रकल्पासाठी रेल्वे कायद्याच्या कलम 20अ ची अधिसूचना निघाली तर तिचा मजकूर दोन स्थानिक वर्तमानपत्रांत येतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. प्रसिद्धीपासून 30 दिवसांत लेखी हरकत घेता येते. मुदत गेली की हरकतीचा हक्क गेला.

4. जुना थांबा नव्या लाईनवर आपोआप मिळत नाही. थांबा, मालधक्का आणि भुयारी मार्ग यांची मागणी ग्रामसभेच्या ठरावात वेगवेगळी लिहा आणि पोच घ्या. भुयारी मार्गात पावसाचं पाणी साचणार नाही, हेही त्यातच लिहा.

भराव झाल्यावर मागितलेला भुयारी मार्ग मिळणं कठीण असतं. नकाशा कागदावर आहे तोवर बोलायची वेळ आहे.